चोविसावं कार्ड

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं. भावोजींचा खोकला थांबला असेल. मी ठीक आहे. आईच्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतली, आता करकरत नाही.

काम संपलं एकदाचं. दवाखान्यातल्या रुग्णांसाठीची ती प्रश्नावली गं, इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये करायची होती. दुखण्याचे चोवीस इंग्रजी शब्द, सगळे एकमेकांचे सख्खे-चुलत. पोर्तुगीजमध्ये दुखणं म्हणजे 'दोर', आणि माझी सरड्याची धाव तेवढ्याच कुंपणापर्यंत! शेवटी आईलाच धरलं. रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, "आज कसं दुखतंय?" ती बिनचूक सांगायची. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. तिचा शब्द कार्डावर लिहायचा, शेजारी त्याचा इंग्रजी जोडीदार बसवायचा, मग पोर्तुगीज आपसूक सुचायचं. एकदा म्हणाली, "बाई गं, चौकशी माझी करतेस की तुझ्या कामाची?" दोघी हसलो. मी मात्र लगेच पुढचं कार्ड ओढलं.

तू तीनदा विचारलंस, शेवटी आई काय बोलली. मी तीनदा लिहिलं, काही नाही, झोपेत गेली. ताई, ते खोटं होतं.

त्या सकाळी ती म्हणाली, "आज दुखत नाहीये. छातीवर नुसतं जड जड वाटतंय, कुणी ट्रंक ठेवल्यासारखं." चोवीसपैकी तेवढं एकच, 'हेवी' या शब्दाचं, कार्ड कोरं होतं. मला आनंद झाला गं. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं, लिहून घेतलं आणि कार्डं घेऊन ऑफिसला पळाले. दुपारी परतले तेव्हा ती खुर्चीतच होती. चहा तसाच.

प्रश्नावलीत त्या शब्दाखाली एक ओळ आहे. असं वाटल्यास ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. तिचं पोर्तुगीज मीच केलंय, त्या सकाळच्या आठवडाभर आधी. ऑफिसात सगळ्यांना काम फार आवडलं.

ते कार्ड सोबत पाठवतेय. आईचे शब्द आहेत, माझं वळणदार अक्षर आहे, कोपऱ्यात वेळही आहे, सव्वानऊ. माझ्याजवळ ठेववत नाही आणि फाडवतही नाही.

माझं तोंड बघायचं नसेल तर तसं स्पष्ट कळव. येणार असलीस तर लवकर ये. आता मला कुणी विचारत नाही गं, कसं दुखतंय.

तुझी म्हणवून घ्यायला धजत नाही, तरी तुझीच,
धाकटी