छप्पर माझं, आग सगळ्यांची

मुक्काम लेस्कूर, फ्रान्स
मे अखेर, रविवार

प्रिय ताई,

वाकून नमस्कार केला असता, पण काल दिवसभर इतकं वाकलोय की कंबर आता उभ्यानेच काय ते करू देते. तेवढं गोड मानून घे. तुझा खुबा कसा आहे? भावोजींचा खोकला? आणि ती शेजारीण, जी आपलं मांजर तुझ्या गुलाबांत सोडायची, ती आहे ना अजून? (असेल तर तिला माझा मनापासून नमस्कार सांग. शेजारी म्हणजे काय ते मला आता कळलंय, आणि त्या मानाने ती बाई साध्वी होती.)

आता तक्रार. मी शांत डोक्याने आणि पूर्ण जबाबदारीने नमूद करतो, की या देशातला पाव टोस्टरमध्ये मावत नाही. आम्ही निघताना तू जो दोन फटींचा टोस्टर दिला होतास, तोच. आपल्याकडे पाव चौकोनी, फट चौकोनी. माणूस सकाळी दोन चकत्या टाकतो, चहा ओततो आणि वर्तमानपत्र उघडतो. याला मी संस्कृती म्हणतो. इथला एक पाव हातातल्या काठीसारखा, तो फटीत उभा टाकला तर धुराड्यासारखा वर राहतो. दुसरा बैलगाडीच्या चाकाएवढा; त्याची चकती कापायला सुतार लागतो. गेल्या महिन्यात ती कोंबून बसवली. अडकली. जळली. काट्याने उपसायला गेलो तर ठिणगी उडाली, घरभर वीज गेली, विहिरीचा पंप बंद पडला, आणि वर न्हाणीघरात अंगभर साबण लावून उभ्या असलेल्या मॉरीनने माझ्याबद्दल, माझ्या टोस्टरबद्दल आणि आपल्या सगळ्या पेनफोल्ड घराण्याबद्दल जे मत दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हसू नकोस. माझ्या आयुष्याचं इथे जे मातेरं झालंय ते पावापायीच झालंय.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: आम्ही परत येतोय. भावोजींनी तुमच्या गल्लीच्या टोकाला जे एकमजली घर पाहून ठेवलंय, त्याच्या मालकाला आमचा होकार कळव. तो जूनअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता ना? थांबायची गरज नाही म्हणावं. स्वयंपाकघर अंधारं असलं तरी चालेल, आगगाडी परसातून जात असली तरी चालेल. मला फक्त एक कुंपण हवंय, ज्याच्या आतलं सगळं माझं असेल.

कारण इथे ते तसं नसतं, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे, सांगितलं म्हणे. इथे घर घेताना नोटरी सगळं खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवतो. सगळं. विकणारा, घेणारा, दोघांचे जन्म, लग्नं, छपराखालची वाळवी, संडासाची टाकी, सगळं कीर्तनासारखं ऐकत बसायचं. नोटरी श्वास घ्यायला थांबला की मी सभ्य माणसासारखी मान डोलवत होतो. अंगणाच्या कोपऱ्यात पाव भाजायची जी जुनी दगडी भट्टी आहे, तिच्यावर बराच मजकूर होता म्हणे. त्या मजकुराला मी सर्वांत जोरात मान डोलावली, असं त्या वेळी तिथे हजर असलेले इथले सरपंच मला आता हसत हसत सांगतात.

तर ही भट्टी. कौलारू खोली, आत माणूस झोपेल एवढी घुमटाची पोकळी. रस्ता आणि भट्टी यांच्यामध्ये नुसतं माजलेलं रान होतं. मी तिथे हिरवळ लावली. ताई, मी ती पोरासारखी वाढवली. शेजाऱ्यांनी आपापल्या अंगणात बटाटे लावले, कोंबड्या सोडल्या, फुटके ट्रॅक्टर लावले. मी गुडघ्यावर बसून एकेक तण उपटलं. एप्रिलमध्ये ती अशी झाली की मॉरीनसुद्धा चपला काढून चालायची. आणि एके सकाळी बघतो तर दोन बायका झाडू घेऊन तिच्यावरून सरळ चालत आल्या, माझ्या भट्टीचं दार उघडलं, आत डोकं घातलं, राख झाडली, आपसांत काहीतरी बोलल्या आणि आल्या वाटेने परत गेल्या. माझ्याकडे बघून हातही केला. जणू घर त्यांचं आणि मी खिडकीत ठेवलेली कुंडी.

मी काय केलं असेल? जे कुठलाही इंग्रज करेल तेच. फाटक बसवलं. त्याला कुलूप लावलं. वर 'खाजगी' अशी पाटी लावली, त्यांच्या भाषेत, शुद्धलेखन तपासून. दुसऱ्या दिवशी फाटक बिजागरीतून अलगद उचलून भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुलूप जसंच्या तसं. पाटीवरचे चिखलाचे शिंतोडेसुद्धा कुणीतरी पुसून घेतले होते. ताई, फाटक फोडलं असतं तर मला इतका राग आला नसता.

तसाच सरपंचांकडे गेलो. मस्यू ब्रुनेरी यांचं नाव. आठवड्यातून एक दिवस ते कचेरीत असतात आणि बाकीचे दिवस गोठ्यात. त्या वेळी त्यांचा एक हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता.

"तुमची माणसं माझ्या हिरवळीवरून गेली!" मी म्हणालो.

"बोंझूर, मस्यू पेनफोल्ड."

"हो, पण हिरवळ..."

"बोंझूर."

गायसुद्धा मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. (या देशात घराला आग लागली तरी आधी नमस्कार, मग बादली.) शेवटी मी गोठ्याच्या बाहेर गेलो, पुन्हा आत आलो आणि बोंझूर म्हणालो.

"हां, आता बोला. तब्येत बरी? वहिनी बऱ्या? मग झालं काय?"

सांगितलं. त्यांनी शांतपणे हात बाहेर काढला, धुतला आणि मला कायदा समजावला. भट्टीच्या भिंती माझ्या. छप्पर माझं, कौल फुटलं तर खर्च माझा. घरपट्टी माझी. पण आग सगळ्यांची. लेस्कूरची सगळी घरं त्या भट्टीत पाव भाजू शकतात, त्यासाठी माझ्या जमिनीवरून येऊ शकतात, आणि मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गावजेवणासाठी येतातच. "तुम्ही घेतलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं," ते म्हणाले. "तुम्ही मान डोलावलीत. आम्हाला फार आवडलं. आधीचा मालक कुरकुरायचा."

मी घरी येऊन जेवलो नाही. मॉरीन म्हणाली, लेन, वर्षातून एक दिवस तर आहे. मी म्हणालो, प्रश्न दिवसाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तुझी तत्त्वं नेहमी मला साबण लागलेला असतानाच का आठवतात? हा वाद कुठे जाणार हे ओळखून मी अंगणात गेलो, हिरवळ कापायचं यंत्र (ते मोठं, वर बसून चालवायचं) भट्टीच्या खोलीत ढकललं, दाराला दुसरं कुलूप ठोकलं आणि किल्ली माझ्या ड्रेसिंग गाऊनच्या खिशात टाकली. अवजारं ठेवायची खोली म्हणून वापरायला मला कुणी मनाई केली नव्हती. मग शनिवार उजाडेपर्यंत मी फार सुखी होतो.

शनिवारी झुंजूमुंजू झालं आणि गाव आलं. आधी लाकडाच्या मोळ्या, मागून फडक्याखाली झाकलेल्या कणकेच्या टोपल्या. मी वरच्या खिडकीत चहाचा पेला घेऊन उभा. म्हटलं, आता होऊ दे आरडाओरडा, मी तयार आहे. कुणी ओरडलं नाही. सरपंचांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि परत सोडून दिलं. समोरच्या घरातल्या मादाम व्हालाद, वय ऐंशीच्या पुढे, उंची फाटकाएवढी, घरून खुर्ची घेऊन आल्या होत्या, त्या दारासमोर बसल्या, टोपली मांडीवर घेतली आणि तिच्यात बोट खुपसून म्हणाल्या, "फुगायला लागलीय. आत्ता आग पेटली नाही तर दुपारी कोंबड्यांना घाला." बस्स. बाकी सगळे नुसते उभे.

आणि ताई, इथे घात झाला. उभे म्हणजे कसे? घोळक्याने! कोण आधी आलं, कोण नंतर, काही हिशोब नाही. नवीन आलेला माणूस सरळ घोळक्यात शिरून पुढे जायचा. एक लाल स्वेटरवाला जाडा गृहस्थ सगळ्यांच्या शेवटी आला, मोळी घेऊन थेट दाराशी जाऊन टेकला, आणि त्याला कुणी काही बोललं नाही! मी पेला ठेवला. पुन्हा उचलला. मॉरीन म्हणाली, लेन, तुझा चेहरा जांभळा झालाय. मी सपाता घालून खाली उतरलो.

"मादाम, तुम्ही आधी आलात. तुम्ही इथे. मस्यू, तुम्ही मागे. मागे! त्या बाईंच्याही मागे!"

"कशाला?" लाल स्वेटरवाला.

"रांग!"

"कसली रांग?"

"भट्टीची!"

"पण भट्टी बंद आहे, मस्यू. तुम्हीच केलीय."

"ते नंतर बघू. आधी रांग!"

त्यांनी लावली. कुतूहलाने असेल, दयेने असेल, पण लावली. मादाम व्हालाद पहिल्या, मागे एकामागे एक टोपल्या आणि मोळ्या, मध्ये सारखं अंतर, माझ्या हिरवळीच्या कडेकडेने थेट फाटकापर्यंत. (म्हणजे फाटक जिथे असायला हवं होतं तिथपर्यंत.) इंग्लंड सोडल्यापासून इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आणि मग मादाम व्हालादनी खुर्चीतून मान वर केली.

"मी पहिली ना?"

"हो, मादाम."

"मग?"

तूच सांग, काय करणार? माणसांना रांगेत उभं करायचं आणि खिडकी उघडायची नाही, हे आपल्या रक्तातच नाही. पोस्टातल्या बाईनेसुद्धा असं केलं तर भावोजी तक्रारीचं पत्र लिहितात. मी गाऊनच्या खिशातून किल्ली काढली.

यंत्र बाहेर काढायला सरपंच, लाल स्वेटरवाला आणि आणखी दोघे लागले, आणि ते चालू होईना म्हणून हिरवळीच्या बरोब्बर मधून फरफटत नेलं. त्याचं तेल सांडलं. त्यावर मोळ्या पडल्या. दुपारपर्यंत तिथे बाकं, टेबलं, कुत्री आणि कुणाची तरी सासू होती. दिवसभर मी लाकडं आत सारली, राख ओढली, आणि 'पुढचा!' म्हणून ओरडलो. कंबर तिथेच गेली.

आणि त्या सगळ्यात मादाम व्हालादनी मला बाजूला बोलावलं. "नोव्हेंबरात तुम्ही आलात त्या दिवशी मी तुमच्या खिडकीत पाव ठेवला होता. बरा होता?"

"उत्तम होता! मी आभाराचं कार्ड पाठवलं होतं."

"मिळालं. त्यावर पक्षी होता, लाल छातीचा. छान होता. पण मी पाव दिला होता."

सरपंचांनी खुलासा केला. इथे ज्याच्या घरी पाव नसेल त्याला शेजारी आपला देतो, आणि त्याने स्वतः पाव भाजले की तसाच ताजा पाव परत द्यायचा. चालत आलेली रीत. हिवाळाभर लेस्कूरमध्ये एकच विषय होता: इंग्रजाने पाव खाल्ला आणि कागद दिला. म्हणून वाण्याच्या दुकानात माझ्याकडे तसं बघायचे! मी समजत होतो माझ्या टोपीकडे बघतात. आता मला सांग, आपण शेजाऱ्याकडून साखर उसनी आणतो, पण मागून आणतो! मी मागितला होता का पाव? न मागता उसनं द्यायचं, घेणाऱ्याला सांगायचं नाही, आणि वर हिवाळाभर तोंड फिरवून बसायचं! अशा गावात माणूस राहील कसा? हे मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारलं. मादाम व्हालाद म्हणाल्या, "बोलता छान. आणखी थोडी लाकडं घाला."

तेव्हा ठरलं म्हणजे ठरलं. त्या घरमालकाला होकार कळव. भावोजींना नमस्कार, मांजराला माफी.

तुझा संतापलेला भाऊ,
लेन

ता. क. घरमालकाला लगेच कळवू नकोस. सांग, विचार चालू आहे.

दुसरा ता. क. किंवा असं कर, नाहीच म्हणून सांग. आगगाडी परसातून जाते ते मॉरीनला चालणार नाही. (तिला विचारलं नाही. ती आत्ता समोरच्या घरात बसून पाव फुगवायचं आंबवण कसं जगवायचं ते शिकतेय आणि तिला घरी यायची घाई दिसत नाही.)

तिसरा ता. क. मुख्य विचारायचं राहिलंच. तुमच्या चर्चच्या जत्रेत तिकिटापाशी ते पितळी खांब आणि लाल दोर लावतात, ते वर्षभर कपाटात पडून असतात ना? पाठवता येतील का? इथे सुगीनंतर पुन्हा भट्टी पेटते. सरपंचांनी त्या दिवसाची व्यवस्था माझ्याकडे दिलीय, आणि लाल स्वेटरवाल्याचा मला अजिबात भरवसा नाही. टोस्टर मात्र परत मागू नकोस. हिरवळीचं बी त्यात ठेवलंय, उंदरांपासून सुरक्षित राहतं.

शेवटचा. सगळ्यांचं झाल्यावर काल भट्टीत थोडी धग उरली होती. मॉरीनने कुणाला न सांगता कणीक भिजवून ठेवली होती. रांगेत ती सर्वांत शेवटी उभी होती, मी तिलाही पुढे येऊ दिलं नाही. दोन पाव झाले. एक मी वळलेला, तो गरम पाण्याच्या पिशवीसारखा दिसतो आणि एका बाजूने जळलाय. दुसरा चांगला, गोल, टकटक केलं तर पोकळ वाजणारा. आज सकाळी गाव उठायच्या आधी चांगला घेऊन समोर गेलो, फडक्यात बांधून मादाम व्हालादच्या दाराच्या कडीला अडकवला आणि आवाज न करता परत आलो. सोबत कार्ड ठेवलं नाही.