बंदीच्या महिन्यातला मासा

बाबा, भांडायला घरात आता कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्याशी भांडते.

मत्स्यखात्यात नोकरी लागली ते सांगायला आले, तेव्हा तुम्ही घाटाच्या पायरीवर जाळं विणत बसला होता. सुताची गाठ मारता मारता म्हणालात, "म्हंजे आता आमच्यावरच नजर ठेवशीन का वं? नदी काय सरकारच्या बापाची हाय?" नि मग उठून सगळ्या भोईपुऱ्यात पेढे वाटलेत. तेव्हा नदीला कसला कायदा? ज्याचं जाळं, त्याचा मासा. आता राज्याचा कायदा आहे. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, ते महिने जाळं टाकायचं नाही. बोटही शिरणार नाही असलं बारीक जाळं तर बाराही महिने नाही. हे सगळं राबवायला कौंडण्यपूरकडचा काठ माझ्याकडं आहे, म्हणजे आपलाच घाट.

तुम्ही म्हणाल, कशाला? बाबा, तुमच्यामागं तुमची नदी राहिली नाही. धरणांनी पाणी अडवलं, लोक मच्छरदाण्या लावून पिल्लं ओढतात, कुणी डोहात विजेची तार सोडतं. तुम्ही आणायचात तसली हातभर वाम मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. हा कायदा मला मनापासून पटलेला आहे, पगार मिळतो म्हणून बोलत नाही.

आणि तरी माझं पहिलं बाळंतपण आठवतं. मी माहेरी आले आहे, पोट इतकं वर आलंय की चुलीपुढं वाकवत नाही. तुम्ही ओल्या धोतरानं दारात उभे, हातात अंड्यांनी पोट भरलेला शिंगाळा. लेक बाळंतपणाला आली की बापानं स्वतः धरलेला गाभोळीचा मासा तिच्या ताटात घालायचा, ही आपल्या पुऱ्याची रीत. माय पाट्यावर भाजलेला कांदा वाटते आहे. तुम्ही गाभोळीचा तुकडा माझ्या भाकरीवर ठेवता नि म्हणता, "खाय माय. नदी बी भरली, तू बी भरली." एरवी तुमच्या तोंडून गोड शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं होतं. तो घास मी अजून विसरलेले नाही.

यंदा धाकट्या भावाची लेक बाळंतपणाला आली, ती ऐन बंदीत. त्यानं मलाच फोन केला, आणि तोही जेवायला बोलवायला! "ताई, उद्या ये. पोरीले गाभोळीचा मासा घालून राहिलो, बाबानं तुले घातला होता तसा."

"अरे, बंदी हाय ना. नको टाकू जाळं."

तो हसला. "बंदी बजारात इकणाऱ्याले. हा तं रितीचा मासा हाय."

त्याला खरंच वाटत होतं की कायदा लिहिणाऱ्यांनी हा एक मासा सोडूनच लिहिलं असणार. आपल्या पुऱ्यात कुणालाही तसंच वाटलं असतं.

पण नुकतंच मी खालच्या गावातल्या एका बाईचं जाळं जप्त केलं होतं. तिनं माझे पाय धरले होते. भावाच्या घाटाकडं काणाडोळा केला असता, तर तिला कुठल्या तोंडानं सामोरी गेले असते? आणि मग या काठावर कायदा कुणी मानला असता? गेले. खात्याच्या जीपमधून, दोन माणसं घेऊन. बादलीत शिंगाळा जिवंत होता. भाची कमरेवर हात देऊन पायरीवर उभी होती. मी मासा उचलला आणि पाण्यात सोडला. धाकट्यानं जाळं गुंडाळून माझ्यापुढं ठेवलं.

"घ्या मॅडम. सही कोठी करू, तेवढं सांगा."

माझं चुकलं असं मला वाटत नाही. उद्या पुन्हा वेळ आली तरी जाईन. पण बरोबर वागल्यावर माणूस इतकं एकटं पडतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बाबा. तुमचे जावई गेले, मुलगा नोकरीला लांब. अमरावतीच्या क्वार्टरमध्ये एका वाटीचा भात लावते आणि फोनकडं बघत बसते. धाकट्याचा फोन येत नाही.

भाचीला मुलगी झाली हे मला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. त्या रविवारी मी तळ्यात पाळलेला रोहू आणला, बंदीतही चालणारा. मायच्या हातचा जमतो तेवढा रस्सा केला, वरून भरपूर हिरवा सांबार चिरून टाकला आणि डबा घेऊन एसटीनं गेले. मला पाहून धाकटा ओसरीवरून उठला नि मागच्या दारी निघून गेला. भावजयीनं उंबऱ्यातच डबा घेतला. आत बाळ रडत होतं. थोड्या वेळानं तिनं डबा परत आणून दिला, घासून, पुसून. "बस भेटन ना ताई आता?" एवढंच म्हणाली.

आपल्याकडं भांडलेल्या शेजारणीचंही भांडं रिकामं परत जात नाही, निदान साखरेची चिमूट घालतात. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि ज्याला पोचेल अशा कुणाला मी हे लिहिणारही नाही. पण अमरावती येईपर्यंत मी त्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.