ओढा टेकडीच्या माथ्यावर

बाई, तुमचं ते दोन भिंगांचं यंत्र अजून माझ्याकडेच आहे. चार बारीक पाय, घडी केली की चष्म्याच्या डबीत मावेल एवढं. आज सकाळी एका विद्यार्थिनीसाठी बाहेर काढलं. राज्याच्या हवामान धोरणावर काम करायला ती उन्हाळ्यापुरती माझ्या हाताखाली आली आहे. संगणकाच्या पडद्यावर जमीन हवी तशी फिरवते. तिनं फोटोंवर यंत्र ठेवून डोळे लावले आणि एकदम मान मागे घेऊन म्हणाली, "अय्यो मॅडम, जमीन वर आली!" मी म्हटलं, आली ना, आता काय दिसतं ते सांग. ते वाक्य तुमचं होतं. ती गेल्यावर दार लावून हे लिहायला बसले आहे.

मीही तशीच तुमच्या सरकारी नकाशा-कार्यालयात आले होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत, भूगोलाची पदवी घेता घेता. देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नुकता उघडला होता. आमच्या अंबरपेठेतल्या टपरीवरसुद्धा परदेशी थंड पेयाचा फलक लागला होता, आणि शहराच्या पश्चिमेला नव्या कंपन्यांसाठी जागा शोधणं सुरू होतं. कोणती जमीन शेतीची, कोणती पाण्याची, कोणती पडीक, हे विमानातून काढलेल्या फोटोंवरून ओळखून नकाशा रंगवायचा, हे तुमच्या खोलीचं काम. पडीक ठरली की तिथे बांधकाम. फोटो कुलपात असायचे आणि किल्ली तुमच्या पदराला. तिथले तेलुगू-हिंदी बोलणारे सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मला जामबागेतल्या मराठी शाळेची सवय. तोंडातून 'बाई' निघालं, आणि त्या खोलीत पहिल्यांदा तुम्ही हसलात.

एकाच जागेचे दोन फोटो, विमान थोडं पुढे सरकल्यावर काढलेला दुसरा. डाव्या डोळ्यानं डावा, उजव्यानं उजवा पाहायचा, म्हणजे दोन्ही मिळून उंच-सखल दिसतं. मला पहिले काही दिवस काहीच दिसलं नाही, नुसती डोकेदुखी. "डोळ्यांवर जोर देऊ नको पोरी. लांबचं बघतेस तसं बघ," तुम्ही म्हणालात. आणि मग एका दुपारी तो करडा कागद हलला, वर उठला. खडक एकावर एक उभे राहिले, ताडाची झाडं माझ्या पापण्यांना टोचतील इतकी वर आली, आणि खडकांमधून तलाव दिसले, वरचा, त्याच्या खालचा, त्याच्याही खालचा. वरचा भरला की खालच्यात उतरणारे. जन्मापासून ज्या गावात राहिले ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी यंत्रावरून डोळे काढायला तयार नव्हते. तुम्ही मात्र घाईघाईनं विचारत होतात, "किती वर आलं? सांग की! बांध दिसतो का?" मला वाटलं, माझी परीक्षा घेताय. मी म्हटलं, बांध असेल बहुतेक. केवढ्यानं रागावलात! "असेल काय? आधी काय दिसतं ते सांग. काय असेल ते मागाहून."

रविवारी काचीगुड्याला तुमच्या घरी जेवायला बोलावलंत. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर लसणाचं तेल. जेवणानंतरचा चहा ओतताना तुम्ही किटलीची चोच आधी कपाच्या कडेला टेकवलीत आणि मग हळूच कलती केलीत. दर वेळी तसंच. किती नीटनेटक्या बाई, असं मला वाटलं होतं.

मग तो दिवस आला. पश्चिमेकडच्या एका कोरड्या तलावाला तुम्ही जुन्या नकाशावरून निळा रंग दिला होता आणि नव्या साहेबांना तो पुसून हवा होता. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. नकाशा संध्याकाळी वर जायचा होता. त्यांनी स्वतःच दोन फोटो क्लिपा लावून यंत्राखाली मांडले, पाहिलं आणि तुम्हाला बोलावलं. "मॅडम, तालाब है बोलके कौन बोला? ये तो टेकडी है. बच्चे क्रिकेट खेलते वहाँ. आप खुद देखो ना." खोलीतले सगळे उभे राहिले. तुम्ही चष्मा काढून वाकलात. त्या तलावाच्या बांधावरून तुम्ही तरुणपणी चाललेल्या होतात, 'खोलगट आहे' म्हटलं असतंत तर खोटं नव्हतं. किती वेळ वाकून होतात, मला फार वाटला. मग ताठ उभ्या राहिलात.

"मेरेकू नहीं दिखता, साब. उजवी आँख गई दो साल से. ये बच्ची देखेगी."

फोटो वाचणं हेच ज्यांचं काम, त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी डोळे लावले. खरंच टेकडी होती. तुमच्या निळ्या रंगाच्या जागी गोल, फुगलेली टेकडी. तुमच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. म्हणाले, "टेकडीच आहे, बाई." साहेब म्हणाले, "देखो!" तुमचा आवाज मात्र जराही बदलला नाही. "बरं. ओढा कुठाय?" मी शोधला. "टेकडीच्या माथ्यावरून जातोय." "आणि खडक?" "खड्ड्यात बसलेत." तुम्ही हसलात, अगदी पोरीसारख्या. "पाणी माथ्यावरून वाहतं का गं कधी? फोटो उलटे मांडलेत, म्हणून खोल ते उंच दिसतंय. डावा उजवीकडे ठेव."

क्लिपांखाली फोटोंच्या कडेचे क्रमांक झाकले गेले होते, म्हणून डावा-उजवा कळला नव्हता. मी फोटो बदलले आणि पुन्हा वाकले. सगळी जमीन आतून बाहेर उलटली. टेकडी खाली बसली, तिचा तलाव झाला, बांध वर आला, ओढा उतरून आपल्या जागी गेला. साहेबांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "हौ मॅडम," एवढंच म्हणाले. निळा रंग राहिला.

जिन्यात मी विचारलं, तलाव आहे हे तुम्हाला माहीत होतं ना, मग डोळ्याचं सांगायचं कशाला? तुम्ही पायरी पावलानं चाचपत उतरत होतात. "माहीत होतं. पण त्यांनी 'बघून सांगा' म्हटलं. मी बघितलं नव्हतं ना गं." माझी सुट्टी संपायच्या आत साहेबांनी तुम्हाला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. किल्ली गेली. यंत्र तुमचं स्वतःचं होतं, ते मला दिलंत. "मला सपाटच दिसतं. तू बघ."

तो तलाव अजून आहे, बाई. चहूबाजूंनी काचेच्या इमारती, थोडा आक्रसलाय, पण पावसाळ्यात भरतो आणि खालच्यात उतरतो. असे तलाव राखण्याला आता हवामान धोरण म्हणतात आणि त्यावर बैठका होतात. मी तिथे कडक बाई म्हणून ओळखली जाते. अंदाजानं बोलणाऱ्याला मी बोलू देत नाही.

आता हा कागद घडी करून यंत्राच्या डबीत ठेवते, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे पाठवणार तरी कुठे? एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. कधी कधी एकटी असताना मी यंत्रावर वाकते आणि उजवा डोळा मिटून घेते. खडक, ताड, तलाव, सगळं करडं आणि सपाट होतं. भोवती माणसं उभी आहेत असं मनात आणते आणि ते तुमचं 'मेरेकू नहीं दिखता' म्हणून पाहते. रिकाम्या खोलीतसुद्धा माझ्या तोंडून ते अजून पुरतं निघालेलं नाही.