तीनदा विचारलं

१४ जुलै ७४, रवि.
दिवसपाळी. संध्याकाळी विहारात वाचन माझंच. भिक्खूसंघ ठराव कसा करी, ते. तीनदा विचारायचं, हरकत असेल त्यानं बोलायचं. गप्प राहिला, त्याची संमती. लोकांना आवडलं. सुमन आली नव्हती, डोकं दुखतं म्हणाली. प्रकाशच्या श्रामणेर शिबिराचे, थोडे दिवस भिक्खू होऊन राहायचं त्याचे, पाच दिवस उरले. एकच पोर, घर कसं गप्प झालंय.

१९ जुलै, शुक्र.
शुक्रवारची सुट्टी, लूम बंद. शिबिर संपलं. बाकीच्या पोरांनी चीवर उतरवलं, तुळतुळीत डोकी खाजवत घरी आली. आपला नाही आला. निरोप, ‘कायमचं राहायचंय. भिक्खू व्हायचंय.’ सुमननं त्याच्यासाठी बोंबील भाजले होते. तसेच पडले.

२० जुलै
मुकादम, "तेरा लड़का साधू बन गया क्या?" हो म्हटलं. दोनदा धागा तुटला, कळलंच नाही. वाईट वाटायला हवं. काही वाटत नाही.

२२ जुलै
विहारातले भंते घरी आले. म्हणाले, आईबापाची परवानगी लागते. ठाऊक आहे. बुद्धानं पोराला, राहुलला, घरी न विचारता दीक्षा दिली, आजोबा शुद्धोदन कळवळला, तेव्हापासूनचा नियम. गेल्या वर्षी मीच सांगितलंय, घसा फोडून. काय ते माझं बोलणं!
भंते गेल्यावर सुमन, "तुमीच शिकवलंत त्याला. आता तुमीच सांगा, न्हाय म्हणून."
कुठल्या तोंडानं सांगू?

२६ जुलै, शुक्र.
दोघं विहारात. प्रकाश खाली मान घालून. सुमननं त्याच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला, मागे घेतला. भंतेंनी तीनदा विचारलं, पोर संघाला देता का? मी तिच्याकडे बघत होतो, ती भिंतीकडे. कोणीच बोललं नाही. भंते म्हणाले, "साधु." ती बाहेर चपला घालत होती, तेव्हा मला हळूच, "पौर्णिमेला दीक्षा देऊ." मान हलवली मी.
घरी, कामतघरला, चालत आलो. वाटेत सुमन, "तीनदा इचारलं त्यांनी. मी हूं की चूं केलं न्हाय. आता धाडतील त्याला घरी."
किती दिवसांनी हसली. सांगायला हवं होतं. जीभच उचलली नाही.

२७ जुलै, शनि.
सकाळी तिनं प्रकाशचा शर्ट धुऊन दोरीवर घातला. "कदी येल ओ?"
पौर्णिमा पुढच्या शनिवारी.
म्हटलं, शनिवारी कळेल.