आज नको म्हणाला, उद्या विचारू

सिस्टर, तुम्ही विणलेलं ते बाटलीचं कव्हर काल पुन्हा कपाटातून काढलं. गडद निळं, शाळेच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीतून क्रोशाने विणलेलं, तळाशी थोडं उसवलेलं. माझ्या सुनेने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “मम्मी, बाटलीला स्वेटर? आपल्या नंदाखाल गावच्या उकाड्यात?” मी म्हटलं, “आमच्या हेडमिस्ट्रेसनी दिलंय. तुझ्या नवऱ्यासाठी.” तिला ते खोटंच वाटलं. शाळेच्या हॉलमधला तुमचा फोटो तिने पाहिला आहे. त्या फोटोतल्या बाईंनी कुणासाठी काही मऊ विणलं असेल, हे सांगून कुणाला पटायचं नाही. म्हणून तिला सगळं सांगायला बसले, आणि सांगता सांगता वाटलं, हे मी तुमच्याजवळ कधी बोललेच नाही. तुम्ही बदली होऊन दक्षिणेला तुमच्या मूळ घराकडे गेलात, तिथेच देवाघरी गेलात, आणि इथे आम्हाला कळलं ते रविवारच्या मिस्सानंतर, चर्चच्या पायऱ्यांवर.

आमच्या घरात आता चार महिन्यांची नात आहे. सून सोमवारपासून अंधेरीला ऑफिसला जाणार, सकाळी निघाली की दिवेलागणीला परत. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायची, कोमट करायची सगळी सोय झाली आहे, पण पोरगी बाटली तोंडाला लावू देत नाही. निपल ओठांना लागलं की जिभेने बाहेर ढकलते, पाठ धनुष्यासारखी ताणते आणि असा टाहो फोडते की शेजारच्या वाडीतून विचारणा होते. माझ्या मुलाने फोनवरून मागवलेल्या नाना तऱ्हेच्या बाटल्या ओट्यावर रांगेने उभ्या आहेत. “मम्मी, ही अगदी आईसारखी असते, लिहिलंय त्याच्यावर,” तो म्हणतो. मी म्हणते, “लिहिलेलं तुला वाचता येतं रे, तिला कुठे येतं?” परवा त्याने तिला घट्ट धरून पाजायचा प्रयत्न केला. दूध नाकातून आलं, पोर निळीजांभळी झाली, सून धावत आली. मग तो मागच्या दारी केळींच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला. एवढा उंच माणूस, कपाळावर घाम. मला म्हणाला, “मी बाप आहे तिचा. ती माझ्याकडे अशी बघते, जसं काय मी तिला विष देतोय.” सिस्टर, हाच तो. तुमच्या मांडीवरचा.

तेव्हा तो जेमतेम तीन महिन्यांचा होता आणि माझी सुट्टी संपत आली होती. आपल्याच शाळेत, जिथे मी शिकले तिथेच, मला दुसरीचा वर्ग मिळालेला. घरी सासूबाई होत्या, माझे मिस्टर वालीवच्या कारखान्यात पाळीवर. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं होतं. बाटल्या उकळून घ्यायच्या, दूध मनगटावर टाकून बघायचं, सगळं करत होतो. पण तो बाटलीला शिवायचा नाही. सासूबाईंनी सुई तापवून निपलचं भोक मोठं केलं, तर त्याला ठसका लागला. गाल दाबून तोंड उघडलं, तर त्यानंतर नुसती बाटली दिसली की तो रडायला लागायचा. “घरचं पोर उपाशी,” सासूबाई भांडी घासता घासता भांड्यांना सांगत, “आणि आमची बाय निघाली जगाच्या पोरांना शिकवायला.” वाईट नव्हत्या त्या. घाबरल्या होत्या. मीही घाबरले होते, म्हणून एक दिवस सरळ तुमच्या ऑफिसात आले आणि म्हटलं, “सिस्टर, मी नोकरी सोडते.”

तुमच्या ऑफिसात यायला मला तेव्हाही धीर गोळा करावा लागायचा. पाचवीत असताना मी त्याच दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आहे. सतराचा पाढा यायचा नाही म्हणून. तुम्ही शाळेत आलात तेव्हा तुम्हाला मराठीचा एक शब्द येत नव्हता, असं जुन्या टीचर सांगायच्या. तुम्ही पहिलीच्या बाकावर, गुडघे बाकात मावत नसताना, मुलांबरोबर बसून बाराखडी आणि पाढे शिकलात. तेव्हापासून ज्याला पाढा येत नाही त्याला तुमच्याकडे माफी नव्हती. “मला आलं, तर तुला का नाही?” एवढंच विचारायचात. तुम्हाला ‘नाही’ म्हणालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. फादरसुद्धा तुमच्यासमोर आवाज खाली आणत.

मी नोकरी सोडते म्हटल्यावर तुम्ही पेनाला टोपण लावलंत. “का?” मी सांगितलं. रडणार नाही असं ठरवून आले होते, तरी रडले. तुम्ही माझं रडणं संपू दिलंत आणि म्हणालात, “सोमवारी कामावर ये. बाळाला आण, सासूबाईंना आण. बाटली आण.” मी म्हटलं, “सिस्टर, पण शाळेत कसं…” तुम्ही म्हणालात, “शाळा माझी आहे. कसं ते मी बघते.”

पुढचं बरंचसं मी पाहिलं नाही, कारण तुम्ही मला पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवलंत. “टीचर, तू वर्गावर जा. तू दिसतेस, तुझा वास येतो, मग तो रबर का चोखेल? मी असते तर मीही चोखलं नसतं.” त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते सासूबाईंनी रात्री जेवताना सांगितलेलं, हातवारे करून, तुमची नक्कल करून. त्या गेल्या होत्या तुमची मजा बघायला. ऑफिसच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, “सिस्टर, तुम्हाला काय कळतं पोरांतलं?” तुम्ही म्हणे शांतपणे म्हणालात, “काही नाही कळत. म्हणून मला घाई नाही.”

तुम्ही त्याला आडवा घेतलाच नाही. मांडीवर जवळजवळ बसता धरलात, तोंड खिडकीकडे. निपल ओठांना टेकवलंत. त्याने मान वळवली. तुम्ही बाटली खाली ठेवलीत. थोड्या वेळाने पुन्हा टेकवलीत. त्याने पुन्हा मान वळवली, तुम्ही पुन्हा खाली ठेवलीत. सासूबाईंना राहवेना. “अहो, धरा घट्ट आणि घाला तोंडात. असं विचारत बसलात तर तो काय हो म्हणणार आहे?” तुम्ही म्हणालात, “नको म्हणतोय तो. आपण ऐकलं हे त्याला कळायला नको?” मधल्या सुट्टीत मी शिवणाच्या खोलीत जाऊन त्याला अंगावर पाजलं, आणि दिवस संपला तेव्हा बाटलीतलं दूध जिथल्या तिथे होतं. मी ओशाळून उभी. तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत. “आज नको म्हणाला. उद्या विचारू.” जसं काय एखाद्या पालकाची सही राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोट दुधात बुडवून त्याच्या ओठांना लावलंत, ते त्याने चाटलं, पण बाटली नाकारली. उद्या विचारू. त्याच आठवड्यात कुणा मुलाचे वडील तावातावाने तक्रार घेऊन आले. तुम्ही म्हणे मान वर न करता त्यांना म्हणालात, “बसा. आधी ह्यांचं होऊ दे.” ते गृहस्थ बाळाकडे बघत बसले, मग कुजबुजत तक्रार सांगितली, आणि कुजबुजत सांगितल्यामुळे ती त्यांनाच फारशी मोठी वाटली नाही. हे सांगताना सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा तुम्हाला ‘ती सिस्टर’ न म्हणता ‘आपली सिस्टर’ म्हटलं.

आणि मग पाढे. ऑफिसला लागून तिसरीचा वर्ग. प्रार्थना झाली की मुलं एका सुरात पाढे म्हणायची. बे एके बे, बे दुणे चार. आठवड्याच्या शेवटाला कधीतरी, मुलं चारच्या पाढ्यावर असताना, त्याने मान वळवली नाही. निपल ओठांत राहू दिलं. मग एकदा चोखलं, थांबला, परत चोखलं. पाढा चालला होता तसा त्याचा घोट चालला होता. सासूबाई बाकावरून उठल्या, आणि तुम्ही त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलंत. तेवढ्यात तिसरीचे पाढे संपले आणि हे महाराजही थांबले. तेव्हा तुम्ही बाळ छातीशी, बाटली हातात, तशाच तिसरीच्या दारात गेलात आणि म्हणालात, “टीचर, थांबू नका. पुढचा.”

हे मात्र मी स्वतः पाहिलं. माझा वर्ग समोरच्या बाजूला, मधे अंगण. एवढ्या आवाजाने खिडकीशी आले तर तिसरीच्या दारात तुम्ही पाठमोऱ्या, पांढरा झगा, खांद्यावर माझ्या बाळाचं झबलं, आणि सगळी तिसरी बाराचा पाढा बेंबीच्या देठापासून म्हणते आहे. तुमची मान पाढ्याबरोबर किंचित हलत होती. मी पटकन मागे झाले, त्याला दिसू नये म्हणून. माझ्या दुसरीतली एक मुलगी म्हणाली, “टीचर, सिस्टरचं बाळ आहे ते?” वर्ग हसला. मी त्यांना गप्प केलं नाही.

त्यानंतरही सगळं सुरळीत नव्हतं. काही दिवस तो निम्मं पिई, काही दिवस मुळीच नाही. तुम्ही कधी त्याचा राग मानला नाहीत. मला तेच आठवत राहतं. मी त्याची आई, सासूबाई त्याची आजी, आम्हाला त्याच्या प्रत्येक नकाराचा अपमान वाटायचा, आणि तो अपमान आमच्या हातांत उतरायचा. आमच्या हातांत तो ताठ व्हायचा. तुम्ही, ज्यांनी साऱ्या वसईत कुणाचा नकार ऐकून घेतला नव्हता, त्या एवढ्याशा जिवाचा नकार ऐकून बाटली खाली ठेवत होतात, आणि पुन्हा विचारत होतात. पुढे तो घरी सासूबाईंच्या हातून प्यायला लागला. त्याच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी तुम्ही ते निळं कव्हर सासूबाईंच्या पिशवीत घातलंत. माझ्याकडे न बघता म्हणालात, “बसमध्ये दूध गार होतं.” त्या पिशवीतून एक राजेळी केळ्यांची फणी तुमच्या टेबलावर आली. दोघींनी एकमेकींचे आभार मानले नाहीत.

तर हे सगळं सांगून झाल्यावर काल मी सुनेला म्हटलं, “जा, चर्चपर्यंत चक्कर मारून ये.” ती म्हणाली, “मम्मी, ती रडेल.” मी म्हटलं, “रडली तर मी बाटली खाली ठेवीन.” मुलाला म्हटलं, “तू बस इथे. मी पाजणार नाही, तूच पाजायचं.” त्याला खुर्चीत बसवलं, नातीला त्याच्या मांडीवर बसती धरायला लावली, तोंड बाहेर केळींकडे. त्याने निपल टेकवलं. तिने मान वळवली. त्याचा हात आपसूक पुढे गेला. मी म्हटलं, “खाली ठेव. नको म्हणाली ना.” त्याने ठेवली. पुन्हा टेकवली, पुन्हा ठेवली. सून परत आली तेव्हा दूध तेवढंच होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता, लहानपणी निकालाच्या दिवशी बघायचा तसा. मी म्हटलं, “उद्या विचारू.” त्याला हसू आलं. खूप दिवसांनी.

आज विचारलं. सून अंगणाच्या फाटकाबाहेर, मुलगा खुर्चीत, निळं कव्हर घातलेली बाटली त्याच्या हातात, मी बाजूला स्टुलावर. तिसरीचा वर्ग आता कुठून आणणार? मीच सुरू केलं, बे एके बे. मुलगा म्हणाला, “मम्मी, काहीतरीच.” मग त्यानेही सूर धरला. तिने मान वळवली, बाटली खाली गेली, पाढा चालू राहिला. पाचच्या पाढ्याला तिने निपल तोंडात राहू दिलं. सातला चोखलं. मुलाचे डोळे भरले आणि त्याचा पाढा मधेच सुटला. मी एकटीने नेटाने पुढे नेलं. दूध हळूहळू उतरत होतं. अकरा, बारा, तेरा. थोडंसंच उरलं असताना मी सतरावर आले.

सिस्टर, सतरा साते एकशे एकोणीस म्हटलं आणि थांबले. ती चोखायची थांबली आणि बाटलीआडून माझ्याकडे बघू लागली, काळ्याभोर डोळ्यांनी, अगदी तुमच्यासारखी. पाचवीत त्या दिवशी तुम्ही मला पाढा म्हणायला लावलंत तेव्हाही मी साते एकशे एकोणीसपर्यंतच आले होते, आणि नेमकी घंटा झाली. तुम्ही म्हणालात, “बरं, आलं तर.” मी हो म्हणून मान हलवली. पुढे निवृत्त होईपर्यंत तुमच्या शाळेत शिकवलं, पण सतराचा पाढा नेहमी एखाद्या हुशार मुलीला पुढे उभं करून तिच्याकडून म्हणवून घेतला. आज पुढे कुणी नव्हतं. मी ‘सतरा आठे’ म्हटलं, पुढचं नुसतं गुणगुणले, आणि एकदम सतरा दाहे एकशे सत्तरवर उडी मारली. तिने बाटली संपवली. पण तुम्ही असतात तर हे चाललं नसतं.