येऊन गेले

ती. आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, तेव्हा माझी काळजी नको.

इस्पितळातलं दुभाष्याचं काम जमतंय, असं मागे लिहिलं होतं. परवा मात्र चुकले. एक आजी नवऱ्याचे धुतलेले कपडे घेऊन आल्या होत्या. त्यांना फक्त फ्रेंच येतं. डॉक्टरांनी मला इंग्रजीत हळूच सांगितलं की त्यांचा नवरा सकाळी 'पास्ड'. आपल्याकडे पास म्हणजे परीक्षेत. इंग्रजीत माणूस वारला तरी तोच शब्द वापरतात. मला ते ठाऊक होतं गं, पण घाईत फ्रेंचमध्येही तोच तोंडातून निघाला, आणि तिथे त्याचा अर्थ होतो, येऊन गेले.

आजी हसल्या. "म्हणजे घरी सोडलं त्यांना? पण किल्ली तर माझ्याकडे आहे," म्हणत लगबगीने उठल्या. मी दारात त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आजी, ते वारले."

त्या परत बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ कपड्यांच्या घड्या सारख्या करत राहिल्या.

आई, बाबांच्या तपासणीचं विचारलं की तू "ठीक आहे" एवढंच म्हणतेस. डॉक्टर नेमकं काय म्हणाले? त्यांचेच शब्द लिहून पाठव. मी रडणार नाही असं नाही, पण मला कळू दे.

तुझी,
धाकटी