आक्काच्या पत्रातल्या ओळी

छत्रपती संभाजीनगर,
६ जुलै २०२५

ती. ज्ञानेश्वरी आक्कास अंगदचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की तुझं अख्खं सासर ऐकतं, म्हणून पुन्हा पत्राची वाट धरली. आक्का, वाळूजची नोकरी मी सोडली. कुणी काढलं नाही. परमनंट होतो, स्वतःच्या हातानं राजीनामा लिहिला. शिफ्टहून परतताना चार ओळी सुचायच्या आणि कंपनीच्या बसमध्येच झोपेत विरायच्या. आता गुलमंडीजवळ खोली घेतली आहे. सकाळभर लिहितो, दुपारी शिकवण्या घेतो. एका मासिकानं पहिली कविता स्वीकारली आहे.

आबांना सांगायचं धाडस होत नाही. पिशोरच्या बाजारात ते माझ्या कंपनीचं नाव स्वतःच्या आडनावासारखं सांगतात. तूच सांभाळून घे.

रागावलीस तरी जीव लावणं सोडू नकोस.
तुझा अपराधी,
अंगद

पिशोर,
१५ जुलै २०२५

चि. अंगद यास अनेक आशीर्वाद.

सोन्यासारखी नोकरी सोडून दिवटा कविता करतोय! समोर असतास तर कान उपटले असते. माहेरी जाऊन आबांना सगळं सांगितलं; लपवाछपवी मला जमत नाही. ते मेंढरं सोडत होते, तिथंच खाली बसले. मग म्हणाले की पोरगा टायमावर जेवतो का नाय ते इचार. आई मात्र रडली.

कविता छापून येणार म्हटल्यावर मी शेजारच्या द्वारकाबाईंना सांगून आले, ते वेगळंच. मासिक पाठव. नववीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला.

जपून राहा, माया आहेच.
आक्का

छत्रपती संभाजीनगर,
२ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

मासिक सोबत आहे. उघडण्याआधी हे वाच. मी बारा कविता पाठवल्या होत्या, संपादकांनी अकरा परत केल्या. घेतली ती तुझी आहे. मी आयटीआयच्या वसतिगृहात असताना तू लिहिलं होतंस, की शाळा सुटली त्याचं मला काही वाटत नाही. मेंढरं मोजण्यापुरतं गणित येतं, आणि माळावर घंटा वाजवणारं कुणी नसतं. कवितेचं शेवटचं कडवं म्हणजे हेच शब्द, जसेच्या तसे. खाली नाव माझं. संपादकांनी वाखाणलं तेही तेवढंच.

मी शिकावं म्हणून तू मेंढरांमागं गेलीस. तुझी शाळा घेतली, आता शब्दही घेतले. फार लाज वाटते. पुढच्या अंकात तुझं नाव छापा असं कळवू का? तू म्हणशील तसं.

क्षमेची आशा धरून,
अंगद

पिशोर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. अंगद यास आशीर्वाद.

कविता चारदा वाचली. चोर तो चोर, वर शिरजोर असं तरी तू केलं नाहीस. नावाचं राहू दे. मला दुसरंच लागलंय.

ते सगळं खोटं होतं रे. तुझी परीक्षा तोंडावर होती, तुझं मन माझ्यात अडकू नये म्हणून लिहिलं. मला फार वाटायचं. शाळेची घंटा माळावर चांगली ऐकू यायची. ती कानावर पडू नये म्हणून मी मेंढरं ओढ्यापलीकडं न्यायची. इतके दिवस ते खोटं तुझ्यामाझ्यात होतं, आता छापून आलं.

दोन दिवस मासिक माझ्या हातातून सुटलं नाही. तुझ्या दाजींनी खोदून विचारलं, तेव्हा रडत सगळं सांगितलं. परवा आम्ही कन्नडला गेलो आणि दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आलो. मार्चात परीक्षा आहे. तुला आता शिफ्टचं कारण नाही, तेव्हा दर रविवारी यायचं आणि मला गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवायचं.

मराठीचं माझं मी बघते.

वाट पाहणारी,
आक्का